किडनी जिवंत बघायचीय, मग नीट द्यायची की आयएटी?

पत्र: "मी सांगलीत बारावीला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेतलंय. आजोबांची किडनी बायोप्सी झाली तेव्हापासून याच विषयाचं वाचतेय. जिवंत उंदराच्या किडनीत रक्त वाहताना मायक्रोस्कोपखाली दिसतं, असा व्हिडिओ पाहिला. मला हेच करायचंय. घरचे म्हणतात, नीट दे. डॉक्टर झाल्याशिवाय हे करताच येत नाही का?"

येतं. पण तुझ्या पत्रात दोन वेगळी कामं मिसळली आहेत, ती आधी सुटी करू या.

व्हिडिओत होती ती बहुधा टू-फोटॉन मायक्रोस्कोपी. इन्फ्रारेड लेझरचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, एकाच क्षणी रेणूने शोषले तरच तो चमकतो, आणि हे फक्त फोकसपाशी घडतं. म्हणून ऊती न कापता आतलं दिसतं. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये हे कागदावर मांडलं. मायक्रोस्कोप व्हायला १९९० उजाडलं. तरीही किडनीत साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटरखाली चित्र धूसर होतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या गटाने म्युनिक-विस्टार जातीचे उंदीर घेतले ते याचसाठी. त्यांचे काही ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ, किडनीच्या पृष्ठभागालगतच असतात. माणसाच्या किडनीत ही सोय नाही.

म्हणून आजोबांच्या वेळी सुईने तुकडा काढावा लागला. ते काम कमी समजू नकोस. मिनिमल चेंज डिसीज या किडनीच्या आजारात साध्या मायक्रोस्कोपखाली सगळं जवळजवळ नॉर्मल दिसतं. ग्लोमेरुलसवरच्या पोडोसाइट पेशींचे पाय सपाट झालेत हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच दाखवतो. हे ओळखणाऱ्या रीनल पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीचे तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरच्या शब्दावर औषध ठरतं. तिथे जायचं तर घरचे म्हणतात ते बरोबर: नीट, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी पॅथॉलॉजी.

जिवंत ऊती बघण्याचं तंत्रच पुढे न्यायचं असेल तर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा आयएटी, तिथलं पाच वर्षांचं बीएस-एमएस, मग पीएचडी. तिथे फिजिक्स आणि मॅथ्सवर सगळी भिस्त. चारही विषय हातात आहेत, तर यंदा दोन्ही परीक्षा दे. बायोलॉजीच्या नादात मॅथ्स मात्र सोडू नकोस.

आणि एक कर. कॉलेजच्या लॅबमध्ये किडनीची तयार स्लाइड असेल, ती माग. शेजारी हायड्रिलाचं ताजं पान पाण्याच्या थेंबात ठेव. ४० च्या लेन्सखाली हरितलवक फिरताना दिसतील. दोन्ही निवांत बघ. वेळेचं भान कुठे सुटलं, ते मला कळव.