शब्दाला बारा पैसे

प्रश्न : माझी मुलगी एम.ए. मराठी झाली. घरी शेती आहे, केळीची बाग आहे, फवारणीचा हिशोब तीच ठेवते. वर्षभरापासून ती घरी बसून वेबसाइटसाठी लेख लिहिते. शब्दाला बारा पैसे मिळतात. सुरुवातीला 'ट्रायल' म्हणून पाच लेख फुकट लिहून घेतले. आता दोन महिन्यांचे साडेआठ हजार रुपये थकले आहेत. विचारलं तर 'क्वालिटी बरोबर नाही' म्हणतात. काम सोडते म्हणाली तर 'करार मोडला, दहा हजार भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल' असा मेसेज आला. घरचे म्हणतात भरून टाका, पोरीचं नाव कोर्टात नको. मी म्हणतो, हे लिहिणं-बिहिणं सोड आणि बी.एड. कर. काय करावं?
– एक पालक, रावेर तालुका

उत्तर :

नमस्कार भाऊ,

पहिली गोष्ट घरच्यांना सांगा : एक रुपयाही भरायचा नाही. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 74 सांगतं की न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं आणि करारातला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. इथे तर काम करून घेऊन पैसे थकवणारेच भरपाई मागताहेत. हा दिवाणी व्यवहार आहे, त्यासाठी दारात पोलीस येत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ म्हणजे कोर्टाचा कागद नव्हे, त्यावर तराजूचं चित्र आणि लाल शिक्का असला तरी. घरबसल्या टायपिंगचं काम द्यायचं, मग चुका काढून करारभंगाची भीती घालायची आणि पैसे उकळायचे, हा धंदा लहान गावांत बरीच वर्षं चालू आहे. मुलींच्या घरी तो जास्त चालतो, कारण 'नाव कोर्टात नको' हे त्यांनाही ठाऊक असतं. धमक्या थांबल्या नाहीत तर मेसेज जपून ठेवा आणि जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

आता थकलेले साडेआठ हजार. मुलीला कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकण्याआधी सगळ्या चॅटची प्रत काढायला सांगा. कोणता लेख कधी मागितला, कधी दिला, किती शब्दांचा होता, ही यादी एका कागदावर आणा. आधीचे पैसे कोणाच्या खात्यातून आले ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पाहा. बऱ्याचदा नाव कंपनीचं आणि पैसे कुण्या भलत्याच माणसाच्या यूपीआयवरून, असा प्रकार निघतो. मग ईमेलने आणि स्पीड पोस्टाने रीतसर मागणी करा. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून घाई नको आणि आळसही नको. वकिलाचा खर्च कसा परवडेल, अशी काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे एक अर्ज करायचा. 15100 हा त्यांचा फोन नंबर.

खरं सांगायचं तर हे पैसे मिळतीलच, अशी खात्री मी देत नाही. पत्ता खोटा निघाला तर नोटीस परत येईल. पण मागणी लेखी झाली की पलीकडचा माणूस अनेकदा नरमतो.

आता बारा पैशांबद्दल. हजार शब्दांचा लेख म्हणजे 120 रुपये. विषय वाचायचा, लिहायचा, 'अजून थोडं बदला' असं तीनदा ऐकायचं; पाच तास तरी जातात. तासाला 24 रुपये झाले. तुमच्या शेतात कापूस वेचायला येणारी बाई संध्याकाळी काट्यावर वजन करते आणि किलोच्या ठरल्या भावाने हिशोब मागते. वेचून झाल्यावर 'तुमचा कापूस नीट नाही' म्हणून तिचं गाठोडं ठेवून घेण्याची कोणाची हिंमत होत नाही. एम.ए. झालेल्या मुलीचं गाठोडं मात्र ठेवून घेतलं जातं.

दर एवढा पडतो तो साखळीमुळे. मूळ ग्राहक एजन्सीला पैसे देतो, एजन्सी खालच्या ठेकेदाराला काम देते, तो व्हॉट्सॲपवर ग्रुप चालवणाऱ्याला देतो. प्रत्येक जण आपली कटती काढतो आणि उरलेलं लिहिणाऱ्याच्या हातावर पडतं. अशा लेखांचा हेतू वाचकाने वाचावं हा नसतोच, गुगलच्या शोधात पान वर यावं एवढाच असतो. त्यातही मार्च 2024 मध्ये गुगलने घाऊक पानं पाडणाऱ्या साइटविरुद्ध नियम कडक केले, आणि 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून असला मजकूर मशीनच फुकटात लिहून देतं. म्हणजे हा दर वाढण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. हे काम तिने आजच बंद करावं.

पण भाऊ, यावरून 'लेखनात काही नाही' असं ठरवू नका. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की घरी केळीची बाग आहे आणि फवारणीचा हिशोब मुलगीच ठेवते. करपा कोणत्या पानावर आधी दिसतो, घडाला पिशवी कधी घालायची, सावद्याच्या केळी बाजाराचा भाव आणि बांधावरचा भाव यांत किती अंतर पडतं, हे जिला माहीत आहे आणि जी शुद्ध मराठीत ते मांडू शकते, अशी माणसं फार नाहीत. पुण्यात बसलेला लेखक हे इंग्रजीवरून उतरवतो आणि शेतकरी दोन ओळींत ओळखतो. जळगाव परिसरात ठिबक, टिश्यूकल्चर रोपं, खतं, पाइप यांचे धंदे आहेत. त्यांना माहितीपत्रकं लागतात, व्हिडिओच्या संहिता लागतात, बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना लागतात. तिने तीन नमुने स्वतःच्या नावाने लिहावेत आणि थेट त्यांच्या मार्केटिंगवाल्याला भेटावं. मधे कोणी नको. अहिराणी चांगली येत असेल तर यूट्यूबवाल्यांचंही काम मिळेल, फक्त 'आपलाच माणूस आहे' म्हणून तिथे फुकट राबवून घेतात, तेवढं सांभाळा.

भाव शब्दावर न ठरवता कामावर ठरवावा. तरी हिशोबापुरतं बोलायचं तर माझ्या मते अभ्यास करून लिहिलेल्या मराठी मजकुराला शब्दामागे रुपयाच्या खाली जाऊ नये. अर्धे पैसे आधी, दुरुस्त्या दोनच, हे ईमेलवर लिहून घ्यावं. नमुना द्यायचा तर जुना लेख द्यावा, फुकट नवीन नाही. आणि पहिलं काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करावी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी सायबर कॅफेवाल्याला हजार-पाचशे देऊ नका. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, 45 दिवसांत द्यावे लागतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात तशी तरतूद आहे. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. जुन्या थकबाकीला मात्र याचा उपयोग धरू नका.

बी.एड.बद्दल तिलाच विचारा. तिला शिकवायला आवडत असेल तर जरूर करावं, पण नोकरीची हमी म्हणून नको. पुढे शिक्षक अभियोग्यता चाचणी आहे, मग पवित्र या सरकारी पोर्टलवरची शिक्षक भरती, आणि ती कधी निघेल हे कोणाच्याच हातात नाही. बी.एड.च्या काळात महिन्याला थेट ग्राहकाचं एखादं काम चालू ठेवलं तर फीचा भारही थोडा हलका होईल.

आणि खरंच पोस्टाने वकिलाची नोटीस आली तर घेत नाही म्हणून परत पाठवू नका. सही करून घ्या, पाकिटावर तारीख लिहा, आणि उत्तर स्वतः न देता ती विधी सेवा समितीच्या वकिलाकडे न्या.