वाचकांचे प्रश्न : तायक्वांदो शिकावं का, आणि कुणाकडे

मागच्या अंकात मुलांच्या उन्हाळी क्लासेसबद्दल लिहिलं होतं, त्यात तायक्वांदोवर, म्हणजे लाथांच्या त्या कोरियन विद्येवर, जेमतेम दोन ओळी होत्या, पण पत्रं सगळ्यात जास्त त्यावरच आलीत. मी स्वतः बरीच वर्षं हे शिकवलंय, त्यामुळे यावेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये तायक्वांदोला जातो, खूश आहे. पण दर दोन महिन्यांनी बेल्ट टेस्ट असते, त्याची फी वेगळी. आता सर म्हणतात एकरकमी पैसे भरा, दीड वर्षात ब्लॅक बेल्टची गॅरंटी. यांचं म्हणणं पडलं की हे सगळं पैसे काढायचं काम आहे. मी काय करू?
— एक आई, मांजलपूर

उत्तर : पैसे भरू नका. आधी हे सांगते, मग कारण सांगते.

पिवळा, हिरवा, निळा, लाल या रंगीत पट्ट्यांच्या टेस्ट बहुतेक ठिकाणी सर स्वतःच घेतात, त्यामुळे एका क्लासचा हिरवा आणि शेजारच्या क्लासचा हिरवा यात जमीनअस्मानाचा फरक असू शकतो आणि तो कुणी तपासत नाही. ब्लॅक बेल्टचं मात्र तसं नाहीये. ऑलिंपिकमध्ये जो तायक्वांदो दिसतो त्याचं मुख्य केंद्र म्हणजे सोलमधलं कुक्कीवॉन, १९७२ सालचं, दानचं, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायरीचं, सर्टिफिकेट तिथून येतं, त्यावर नंबर असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर घालून बघता येतो. १५ वर्षांच्या आतल्या मुलाला दान नाही तर पूम मिळतो, त्याचा पट्टा लाल-काळा असतो. पहिल्यानंतर दुसऱ्या दानसाठी कमीत कमी १ वर्ष थांबावं लागतं, तिसऱ्यासाठी त्यापुढे २, चौथ्यासाठी ३, आणि कुक्कीवॉनच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षकाच्या कोर्सला बसायचं तर चौथा दान लागतो. तेव्हा सरांना सरळ विचारा, तुमचा दान कितवा, नंबर काय, आणि माझ्या मुलाला जे सर्टिफिकेट मिळेल ते कुक्कीवॉनचं की तुमच्या संघटनेचं? आपल्याकडे स्वतःला राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संघटना एकीपेक्षा जास्त आहेत आणि त्यांचे आपसातले वाद जुने आहेत, म्हणून हे आधीच विचारलेलं बरं, नंतर मूल रडतं. सांगण्यासारखं असेल तर सर आनंदाने सांगतील, चिडले तर तेच तुमचं उत्तर.

पण कागदापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे एक दिवस पूर्ण तासभर क्लासमध्ये बसा, मोबाईल पर्समध्ये ठेवून. आणि मुलाच्या मारणाऱ्या पायाकडे नाही, तो ज्या पायावर उभा आहे त्या पायाकडे बघा. दोल्यो चागी म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, ती मारताना खालचा पाय चवड्यावर फिरून टाच जवळजवळ समोरच्याकडे यायला पाहिजे. पाय जमिनीला चिकटलेलाच राहिला आणि वरचं सगळं शरीर फिरलं तर तो पीळ सगळा गुडघ्यावर येतो, आणि हे रोज शंभरदा होतं. चांगले सर रांगेतून फिरताना हेच बघतात, एकेकाला थांबवतात, पाय हाताने फिरवून दाखवतात. जे सर पुढे खुर्चीवर बसून फक्त आकडे मोजतात त्यांच्याकडे मुलाला पाठवू नका, मग त्यांच्या भिंतीवर कितीही फोटो असोत.

आणि अजून एक, टेस्टमध्ये कधी कुणाला परत बसवलं जातं का ते दुसऱ्या आयांना विचारा. कुणीच कधी नापास होत नसेल तर ती टेस्ट नाहीये, फीची पावती आहे. पालकांना आत बसू देत नसतील, तर मात्र काहीच विचारायची गरज नाही, मुलाला त्याच दिवशी काढा.

प्रश्न : मी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, दोन वर्षं तायक्वांदो केलंय, ब्लू बेल्ट आहे. नवरात्रात गरब्याहून यायला रात्रीचा एक-दीड वाजतो, आई घाबरते, मी तिला सांगते मला येतं सगळं. पण खरं सांगायचं तर मलाच खात्री नाहीये. खरंच वेळ आली तर याचा उपयोग होतो का?
— नाव नको, फतेगंज

उत्तर : तुला स्वतःलाच शंका आली हे फार चांगलं झालं.

दोन वर्षांत तुला जे मिळालंय ते कमी नाहीये. समोरचा किती जवळ आला की त्याचा हात आपल्यापर्यंत पोचतो हे तुझ्या डोळ्याला आता कळतं, दम टिकतो, मार लागला तरी गोंधळायला होत नाही, आणि मुख्य म्हणजे आवाज फुटतो. किहाप, म्हणजे ती जी आपण पोटातून आरोळी देतो ना, तिला मुली लाजतात, पण वेळेला घशातून आवाजच निघत नाही असं बऱ्याच जणींचं होतं आणि ज्यांना रोज ओरडायची सवय आहे त्यांचा निघतो. समोर सरळ मारायची आप चागी, मांडीच्या उंचीवर, ती खरंच कामाची आहे.

आता काय नाही मिळालं ते. आपल्या ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेच्या नियमात तोंडावर ठोसा चालत नाही, कमरेखाली लाथ चालत नाही, धरून पाडता येत नाही. गुण बघ, डोक्यावरच्या लाथेला छातीवरच्यापेक्षा जास्त आणि ठोशाला सगळ्यात कमी. मग साहजिकच मुलं हात खाली सोडून पायानेच खेळायला शिकतात, मॅटवर ते बरोबरच आहे, पण रस्त्यावर पहिला हात येतो तो तोंडावर नाहीतर मनगटावर. आणि गरब्याच्या पार्किंगमध्ये ॲक्टिव्हाच्या दोन रांगांमध्ये जागा किती असते तू बघितलीच आहेस, अंगावर बारा मीटर घेराची चणिया चोळी, पायात मोजडी, एक हात पर्समध्ये किल्ली शोधतोय, तिथे डोक्याच्या उंचीची किक कोण मारणार? तसला प्रयत्न करूच नकोस, एका पायावर उभी राहशील आणि पडशील.

धरलेला हात सोडवणं, मिठीतून निघणं, पडल्यावर उठणं हे हापकिडोत जास्त आहे. तीही कोरियनच विद्या, चोई योंग-सूल यांच्यापासून सुरू झालेली, सांधे पिळणं आणि पाडणं हा तिचा मुख्य भाग. मनगट धरलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवायचं हे तुला कुणीतरी शिकवलं असेल, बरोबरच आहे, अंगठा एकटा असतो आणि पकड तिथेच सुटते. पण ते तू कुणाबरोबर केलंस? मैत्रिणीबरोबर, जिने हलकेच धरलं आणि तू हलवल्यावर सोडून दिलं. मला तर वाटतं सगळ्या विद्यांचा खरा प्रश्न हाच आहे, तायक्वांदो असो की हापकिडो की आणखी काही, जोपर्यंत समोरचा मनापासून सोडत नाहीये तोपर्यंत तुला काय येतं ते तुलाही माहीत नसतं. म्हणून तुझ्या सरांना सांग, आठवड्यातून एक तास जीन्स आणि बुटात, भिंतीला टेकून, तुझ्यापेक्षा जड कुणीतरी खरंच घट्ट धरलंय अशी प्रॅक्टिस घ्या. माऊथगार्ड, हातात ग्लोव्हज, आणि थांब म्हटलं की थांबायचं, एवढं असलं की बास. सर म्हणाले याची गरज नाही, तर दुसरी जागा शोध.

चाकू काढला तर पर्स देऊन टाक आणि पळ. चाकू पायाने उडवायचं जे शिकवतात त्यांच्यावर मला फार राग येतो, कारण शिकणारी मुलगी तेवढ्यावर विश्वास ठेवते. कायदाही माहीत असू दे, १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आहे तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाच्या हक्काबद्दल आहेत, पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे तो पडला की परत मारायला जायचं नाही, लोक असतील तिकडे निघायचं आणि ११२ लावायचा. आणि आईला मला सगळं येतं असं सांगू नकोस, चौघीजणी बरोबर येतो आणि गाडी उजेडात लावतो हे सांग, तिला त्याने जास्त बरं वाटेल.

प्रश्न : मी लहानपणी माणिकरावांच्या आखाड्यात जात असे. लाठी, मल्लखांब, जोर-बैठका, कुस्ती. आता नातू कोरियन भाषेत एक-दोन-तीन मोजतो. हजारो वर्षांची त्यांची विद्या असेलही, पण आपल्या घरचं काय वाईट होतं?
— एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : काका, नमस्कार. आपल्या घरचं काहीच वाईट नाही, आणि ज्या वडोदऱ्यात माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे तिथे तर हे कुणी म्हणूच नये.

हजारो वर्षांचं मात्र तितकं खरं नाही. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं, त्या काळात जपानला शिकायला गेलेली काही तरुण मुलं तिथे कराटे शिकून आली आणि १९४४ पासून सोलमध्ये त्यांनी आपापल्या शाळा काढल्या, त्यांना क्वान म्हणतात, चुंग दो क्वान, चांग मू क्वान वगैरे. त्या सगळ्यांना धरून तायक्वांदो हे नाव १९५५ साली पुढे आलं. म्हणजे तुमचा आखाडा नातवाच्या तायक्वांदोपेक्षा वयाने मोठा आहे, हे त्याला जरूर सांगा. त्यांची खरी जुनी विद्या म्हणजे तेक्क्योन, ती २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि कुस्ती म्हणाल तर त्यांचीही मातीतली कुस्ती आहे, सिरुम, कमरेला पट्टा बांधून ती वाळूत खेळतात. २०१८ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या नावावर मिळून तीही यादीत आली.

पण यामुळे तायक्वांदो हलका ठरत नाही हो. सत्तर वर्षांत त्यांनी शिकवण्याची एक पद्धत बसवली, ठरलेला क्रम, ठरलेल्या परीक्षा, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकं, म्हणून लहान मुलाला पुढची पायरी कायम दिसत राहते. आपल्या कुस्तीत समोरचा पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकद लावतो, ते तायक्वांदोच्या बऱ्याच क्लासमध्ये होत नाही. नातवाला आठवड्यातले दोन दिवस तुमच्याबरोबर आखाड्यात न्या, दोन्ही होऊ दे, त्याच्या लाथेचा तोल मल्लखांबाने सुधारेल हे मी अनुभवाने सांगते.

प्रश्न : आयटीएफ आणि डब्ल्यूटी यात चांगलं कोणतं?
— दहावीतला विद्यार्थी, गोत्री

उत्तर : आयटीएफ म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, ती १९६६ साली जनरल चोई होंग ही यांनी काढली, तिच्यात २४ तुल, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, आहेत आणि फाइटमध्ये तोंडावर ठोसा चालतो, त्यामुळे हात वर राहतात. ऑलिंपिकला जायचं स्वप्न असेल तर डब्ल्यूटी, म्हणजे वर्ल्ड तायक्वांदो, दुसरा रस्ता नाही. तसं काही नसेल तर घराजवळ ज्यांचे सर चांगले तिथे जा.

प्रश्न : ताई, मी सेकंड दान आहे, मागच्या वर्षीपासून स्वतःचा क्लास चालवतो. पालकांना फक्त मेडल पाहिजे. एक वडील म्हणाले पोरगा ऐकत नसेल तर दोन लावा, कोरियात पण असंच असतं. शिस्तीसाठी थोडं चालतं का?
— एक तरुण कोच, मकरपुरा

उत्तर : नाही चालत, थोडंही नाही, आणि वडिलांनी परवानगी दिली म्हणून तर अजिबातच नाही. मार खाणारं मूल सरांसमोर शांत उभं राहतं, शिकत काहीच नाही. ओळ मोडली तर त्याला पॅड धरायला उभं कर, समोरच्याची लाथ हातावर घेताना लक्ष आपोआप येतं.

मेडलच्या मागे लागून दोन गोष्टी होतात त्यापासून तू लांब राहा. एक म्हणजे डोक्याला लाथ लागल्यावर मूल म्हणतं सर मी ठीक आहे, आणि सर त्याला पुढच्या राउंडला उभं करतात. ते ठीक आहे की नाही हे मुलाला ठरवता येत नाही. त्याच दिवशी परत फाइट द्यायचीच नाही, हेडगार्ड होता तरी नाही, कारण हेडगार्डने जखम वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. पालकांना लगेच फोन कर, उलटी झाली, डोकं दुखायचं वाढत गेलं, उठवूनही नीट उठत नसेल तर थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरांनी होय म्हटल्याशिवाय मॅट नाही.

दुसरं वजन. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना खालच्या गटात बसवायला आदल्या दिवशी पाणी तोडतात, प्लास्टिकचं जॅकेट घालून पळवतात, वडोदऱ्याच्या मे महिन्यात! वाढत्या वयाचं मूल आहे, त्याचं जे वजन आहे ते राहू दे आणि त्याला वरच्या गटात खेळव.