वाचकांचे प्रश्न : पिपच्या अपिलाची सुनावणी आणि ऑटिझम

प्रश्न : वय ३४, लंडनमध्ये राहतो. मला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत. पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट, म्हणजे पिप, या अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्याचा माझा अर्ज नाकारला गेला. मँडेटरी रिकन्सिडरेशनमध्येही, म्हणजे निर्णयाच्या फेरविचारातही, शून्यच गुण मिळाले. आता तीन आठवड्यांनी ट्रायब्युनलसमोर, म्हणजे अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायमंडळासमोर, प्रत्यक्ष सुनावणी आहे. अनोळखी माणसांनी पाठोपाठ प्रश्न विचारले की मी एकतर सगळ्याला 'हो' म्हणतो, नाहीतर माझी वाचाच बसते. तयारी कशी करू?

उत्तर : बोलायचं बरंचसं आधीच कागदावर उतरवून पाठवा. मग त्या दिवशी वाचा बसली तरी तुमची बाजू ट्रायब्युनलसमोर असेल. तीन आठवडे त्यासाठी पुरेसे आहेत, पण कामाला आजच लागा.

समोर कोण बसतं ते आधी सांगतो. साधारणपणे तिघं असतात : न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाच्या क्षेत्राची माहिती असलेले एक सदस्य. हे डीडब्ल्यूपीचे, म्हणजे पिप देणाऱ्या सरकारी खात्याचे, लोक नव्हेत. डीडब्ल्यूपीचा प्रतिनिधी कधी येतो, पुष्कळदा येतही नाही. खोलीत एक टेबल असतं. सिनेमातल्या कोर्टासारखा पिंजरा नसतो.

पहिलं काम म्हणजे सोयी मागणारं पत्र. 'मला ऑटिझम आहे, समजून घ्या' एवढंच लिहिलंत तर न्यायाधीशांनी नेमकं काय करायचं ते त्यांना कळत नाही. प्रत्येक मागणीला तिचं कारण जोडा. उदाहरणार्थ : 'लांब प्रश्नाचा पहिला भाग मी विसरतो, म्हणून एका वेळी एकच प्रश्न विचारावा.' 'उत्तर जुळवायला मला वेळ लागतो, म्हणून मी गप्प असताना पुढचा प्रश्न विचारू नये.' 'दर वीस मिनिटांनी पाच मिनिटांची सुट्टी हवी.' 'मी नजरेला नजर देत नाही, हातात वस्तू फिरवतो; त्याचा अर्थ मी लक्ष देत नाही असा घेऊ नये.' दिव्यांचा किंवा गर्दीचा त्रास होत असेल तर मंद उजेड, दाराजवळची खुर्ची आणि वाट पाहायला वेगळी जागा मागा. प्रत्यक्ष जाणं अगदीच झेपणार नसेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर सुनावणी घेण्याची विनंती करता येते. मात्र समोरच्याचा चेहरा दिसला नाही तर बोलायची पाळी कधी आली हेच काहींना कळत नाही, तेव्हा फोन निवडण्याआधी नीट विचार करा. न्यायाधीशांसाठीच्या 'इक्वल ट्रीटमेंट बेंच बुक' या मार्गदर्शक पुस्तिकेत ऑटिझम आणि एडीएचडी असलेल्यांना प्रश्न कसे विचारावेत हे दिलेलं आहे. म्हणजे तुमच्या मागण्या त्यांना नव्या नाहीत, संकोच करू नका. पत्रावर अपिलाचा क्रमांक घाला आणि त्या दिवशी एक प्रत क्लार्कच्या हातात द्या.

दुसरं काम दोन पानी निवेदनाचं. पिपचे गुण ज्यांवर मिळतात त्या दैनंदिन जीवनाच्या दहा कृती आणि हालचालीच्या दोन, यांतल्या तुम्हाला लागू पडतात तेवढ्याच घ्या. दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे मोजतात. ८ गुणांना पिपचा साधा दर मिळतो आणि १२ ला वाढीव. एखादी कृती 'जमते' असं धरायला ती सुरक्षितपणे, ठीकठाक दर्जाने, हवी तितक्या वेळा आणि वाजवी वेळेत जमली पाहिजे. तुमची अडचणही निम्म्याहून जास्त दिवस लागू असली पाहिजे. आपली माणसं नेमकी इथे फसतात. 'स्वयंपाक करता का?' विचारलं की सवयीने उत्तर येतं, 'हो, करतो की.' खरी परिस्थिती अशी असू शकते : 'आठवड्यातले पाच दिवस करत नाही. गॅस चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जातो आणि विसरतो. भांडी जळली आहेत. बहीण शेजारी उभी असेल तेव्हाच करतो.' या दोन उत्तरांत गुणांचा फरक पडतो. नुसती आठवण करून देणं पुरत असेल तर स्वयंपाकाचे २ गुण. सुरक्षिततेसाठी कुणी सतत हजर राहावं लागत असेल तर ४. भूक कळत नसल्यामुळे 'जेव' असं कुणीतरी सांगावं लागत असेल तर खाण्यापिण्याच्या कृतीत ४. म्हणून प्रत्येक कृतीखाली चार गोष्टी लिहा : काय होतं, किती वेळा होतं, कोण मदत करतं, मदत नसली तर काय होतं.

'इथपर्यंत कसे आलात?' हा प्रश्न बहुधा येतोच, आणि तो गप्पांचा नसतो. 'ट्रेनने' एवढंच सांगितलंत तर एकटे आलात असा अर्थ निघू शकतो. बहीण सोबत होती, रस्ता आधी एकदा चालून पाहिला, स्टेशनवर थांबावं लागलं, यातलं जे खरं असेल ते सगळं सांगा. अनोळखी रस्त्याने सोबतीशिवाय जाता येत नसेल तर त्या कृतीचे १० गुण आहेत.

असेसमेंटच्या, म्हणजे पिपसाठी झालेल्या तपासणीच्या, अहवालात 'नजर देतो, व्यवस्थित बोलतो' असं लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे म्हणून भांडत बसू नका. मास्किंगमुळे, म्हणजे अडचणी लपवून इतरांसारखं वागण्याच्या सवयीमुळे, तासभर तसं वागता येतं, आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते. त्या संध्याकाळी काय झालं, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता आलं का, हे लिहा. अहवालातल्या सगळ्या चुका काढायची गरज नाही. ज्यांनी गुण गेले त्या तीन-चार धरा आणि बंडलमधल्या, म्हणजे अपिलाच्या कागदांच्या संचातल्या, पानांचे क्रमांक द्या.

एक अट विसरू नका : मूळ निर्णय झाला त्या तारखेला तुमची परिस्थिती कशी होती, तेच ट्रायब्युनल पाहतं. त्यानंतर तब्येत बिघडली असेल तर ती या अपिलात मोजली जात नाही. म्हणून आजची रोजनिशी पाठवताना 'निर्णयाच्या वेळीही असंच होतं' हे, खरं असेल तर, स्पष्ट लिहा. कागद लवकर पाठवा. ऐनवेळी गठ्ठा दिला तर वाचायला वेळ नाही म्हणून सुनावणी पुढे जाऊ शकते.

वाचा बसेल त्या क्षणासाठी एक कार्ड खिशात ठेवा : 'मला आत्ता बोलता येत नाही. पाच मिनिटं द्या. उत्तर माझ्या निवेदनात आहे.' प्रश्न समजला नाही तर 'हो' म्हणण्याआधी 'पुन्हा विचारा' म्हणायचं, हे एखाद्या मित्राला प्रश्न विचारायला लावून घरी घोटून घ्या. काहीच चालेना तर सुनावणी तहकूब करायची विनंती करता येते. निकाल कधी त्याच दिवशी सांगतात, कधी पत्राने कळवतात. समोरासमोर ऐकणं जड जाणार असेल तर पत्राने कळवा असं आधीच सांगा. दुसरा दिवस मोकळा ठेवा.

प्रश्न : भावाच्या सुनावणीला मी सोबत जाणार आहे. त्याच्या वतीने मी उत्तरं देऊ का? त्याचं इंग्रजी ताणाखाली अडतं.

उत्तर : प्रश्न त्यालाच विचारतील आणि त्याच्याकडूनच ऐकायला त्यांना आवडेल. मध्येच तोंड घातलंत तर तो बिथरतो आणि पॅनेलही थांबवतं. तुम्ही साक्षीदार म्हणून बोलणार हे आधी कळवा आणि स्वतः पाहिलेलं एका पानावर लिहून पाठवा. त्याचं उत्तर अर्धवट राहिलं तर टिपून ठेवा आणि शेवटी बोलायची परवानगी मागा. दुभाषा तुम्ही होऊ शकत नाही. तो ट्रायब्युनल फुकट देतं. पत्रात 'मराठी' असं स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीवर भागवलं जाण्याची शक्यता असते. प्रवासखर्चही मागता येतो, तिकिटं जपून ठेवा.

प्रश्न : मला थोडं पिप मिळतं आहे, जास्त मिळावं म्हणून अपील केलं. आहे तेही जाईल का?

उत्तर : जाऊ शकतं. ट्रायब्युनल संपूर्ण निर्णय नव्याने पाहू शकतं आणि गुण कमीही करू शकतं. तसा धोका दिसला तर पॅनेलने तुम्हाला इशारा द्यायला हवा. तो मिळाला की लगेच 'हो, पुढे चला' म्हणू नका. सल्ला घ्यायला वेळ मागा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, लॉ सेंटर किंवा कौन्सिलचे वेल्फेअर राइट्स सल्लागार यांना सुनावणीआधीच बंडल दाखवलेलं चांगलं. निकाल विरुद्ध गेला तर एका महिन्याच्या आत लेखी कारणं मागा. त्याच्या वरच्या अपर ट्रायब्युनलकडे फक्त कायद्याच्या चुकीवर जाता येतं, आणि ती चूक त्या कारणांच्या कागदातच शोधावी लागते.