ब्रेक सोडला की गाडी का सरकते?

प्रश्न : नुकतीच पेट्रोलवरची ऑटोमॅटिक गाडी घेतली (मॉडेल पत्रात कळवलं आहे). 'डी'वर असताना ब्रेकवरून पाय उचलला, की ॲक्सिलरेटर न दाबताही गाडी चालू लागते. सकाळी तर जास्तच. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, 'आयडलिंग कमी करून देतो.' शेजाऱ्यांची एएमटी (दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक) मात्र एवढी ओढत नाही. माझ्या गाडीत बिघाड आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बिघाड नाही. आणि त्या मेकॅनिकला आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याला, हात लावू देऊ नका. हल्ली ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. उगाच उतरवलं तर सिग्नलला गाडी थरथरेल, एसी लावला की बंदही पडेल.

तुमच्या मॉडेलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. मी आयटीआयमध्ये शिकवायचो तेव्हा मधोमध कापलेला एक कन्व्हर्टर टेबलावर ठेवलेला असायचा. पोरं हमखास विचारायची, 'सर, पण यात जोडलंय कुठे?' गाडी उभी असताना काही जोडलेलं नसतंच. तेलाने भरलेल्या बंद डब्यात पात्यांची दोन चाकं समोरासमोर. एक इंजिन फिरवतं, दुसरं गिअरबॉक्सकडे जातं. हँड ब्लेंडरने ताक घुसळताना पातेलं धरलं नाही तर पातेलंच फिरायला लागतं ना, तसं इंजिनाकडच्या चाकाने उडवलेलं तेल समोरच्या चाकाला फिरवू बघतं. तुमचा ब्रेक म्हणजे पातेलं धरलेला हात.

हा जोर इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. थंड इंजिन सकाळी मिनिटाला ८०० ऐवजी १२०० फेऱ्यांवर चाललं, तर फेरे दीडपट, पण ओढ सव्वादोनपट. इंजिन तापलं की ती आपोआप उतरते.

शेजाऱ्यांच्या एएमटीचं गणित निराळं. आत आपली नेहमीचीच क्लच प्लेट. फक्त ती दाबायला पायाऐवजी ॲक्च्युएटर. ब्रेक सोडला की कॉम्प्युटर हाफ क्लच धरतो, म्हणून गाडी सरकते. कंपनीने ठरवलं तेवढीच. त्यांना सांगा, ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला चिकटून इंचाइंचाने सरकत राहू नका, प्लेट जळते. थोडी जागा होऊ द्यावी, मग जावं. चढावर तर गाडी ब्रेकवरच धरायची, ॲक्सिलरेटरवर तोलून कधीच नाही. तुमच्या गाडीत असं सरकताना घासायला प्लेटच नाही. तेल थोडं तापतं, त्याला कूलर आहे.

(इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरला आयडलिंग नसतंच. तरीही अनेक कंपन्या सॉफ्टवेअरने ती सरकवतात, निव्वळ लोकांना सवय आहे म्हणून! काही गाड्यांत ते बंदही करता येतं.)

सोसायटीच्या पार्किंगमध्ये या सरकण्याचा फायदा घ्या : ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही, नुसत्या ब्रेकवर गाडी आत घ्यायची. 'आर'वरही ती अशीच मागे सरकते. त्यामुळे गेट उघडायला दोन सेकंद उतरायचं असलं तरी आधी 'पी', मग हँडब्रेक, मग दार.