कशाचा दर?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बंदुका आणि हिंसक गुन्हे यांवरचे तुझे दोन्ही आलेख मिळाले. पहिल्यात श्रीमंत देश आहेत आणि ठिपके सरळ चढत जातात: बंदुका जास्त, तसा दर जास्त. दुसऱ्यात सगळं जग आहे आणि ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे विखुरलेत. होंडुरासमध्ये माणशी बंदुका स्वित्झर्लंडपेक्षा कमी, दर मात्र कित्येक पटींनी जास्त. खाली तू लिहिलंस, "सर, यातला खरा कुठला? कळत नसेल तर मी विषय बदलते."

विषय बदलायचा नाही. दोन्ही खरे आहेत. मोजलंय काय, तेवढं तू पाहिलेलं नाहीस.

तुझे आकडे मी उलटे तपासत बसलो तेव्हा कळलं, की पहिल्यात तू बंदुकीने झालेले सगळे मृत्यू घेतलेस आणि दुसऱ्यात फक्त खून. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. असा आलेख 'हिंसक गुन्हे' या मथळ्याखाली छापलास, तर वाचणारा म्हणेल मला फसवलं, आणि त्याचं बरोबर असेल.

म्हणून आता आत्महत्या खोडून टाकायला निघू नकोस. ते मी करून बसलोय. तुझ्याहून थोडा मोठा असताना याच विषयावर मी एक लेख लिहिला आणि पहिल्याच परिच्छेदात आत्महत्या बाजूला सारल्या. विषय गुन्ह्यांचा आहे, म्हणून. एका डॉक्टरांनी त्यावर लांबलचक पत्र पाठवलं. मी चार ओळींत व्याख्या ऐकवली आणि त्यांना गप्प केलं. पुढे २००६ मध्ये इस्रायलच्या लष्कराने एवढंच केलं, की आठवड्याच्या सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला लावली. त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ती घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. बंदूक हाताशी नसली की माणूस वाचू शकतो, डॉक्टर मला हेच सांगत होते. त्यांना दुसरं पत्र लिहायला हवं होतं. पत्ता माझ्याकडे होता.

आता आडवा अक्ष. तिथेही तेच विचार, मोजलंय काय? बंदुका, की बंदूक असलेली घरं? अमेरिकेत २०१७ च्या अंदाजाप्रमाणे दर १०० माणसांमागे नागरिकांकडे सुमारे १२० बंदुका. पण 'माझ्याकडे बंदूक आहे' असं सांगणारे प्रौढ जेमतेम एक तृतीयांश. काहींच्या कपाटात दहा-दहा आहेत, एवढाच याचा अर्थ. दहावी बंदूक आल्याने त्या घरात फारसं काही बदलत नाही. बदलतं ते पहिली येते तेव्हा. तिकडे बंदुकांची देशव्यापी नोंदवही नाही. म्हणून किती घरांत बंदूक असेल याचा अंदाज अभ्यासक कशावरून बांधतात, माहीत आहे? एकूण आत्महत्यांपैकी किती बंदुकीने झाल्या, त्यावरून. (मी कचरा म्हणून फेकलेलीच मोजपट्टी!) आणि तुझं ते लाडकं स्वित्झर्लंड: लष्करी रायफल घरात असते खरी, पण घरोघरची काडतुसं परत घ्यायचं २००७ मध्येच ठरलं. तुझ्या रकान्यात रायफल दिसते, काडतूस दिसत नाही.

उभ्या अक्षावर तर आणखी गोंधळ. 'ब्रिटन अमेरिकेपेक्षा हिंसक' हे तू पण कुठेतरी वाचून मला ऐकवलं होतंस. इंग्लंड आणि वेल्सचे पोलीस हिंसेच्या रकान्यात इजा न झालेली मारहाणही धरतात. अमेरिकेत त्या रकान्यात खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला एवढंच येतं. असल्या दोन रकान्यांची तुलना करणाऱ्याला मी नापास करतो. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ फ्रँकलिन झिमरिंग यांचं १९६८ चं शिकागोवरचं काम वाच. पोलिसांच्या नोंदींतून त्यांनी दाखवलं, की चाकूच्या हल्ल्यापेक्षा बंदुकीच्या हल्ल्यात माणूस मरण्याचं प्रमाण सुमारे पाचपट आहे. भांडणं तीच, रागही तोच. आता सगळे हिंसक गुन्हे एकत्र मोजलेस तर हा फरक हल्ल्यांच्या ढिगात बुडून जातो. खून वेगळे काढलेस की वर येतो. म्हणून म्हणतो, मोजलंय काय.

कायद्यांबद्दल थोडक्यात. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने कायदा कडक केला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. बंदुकीचे मृत्यू घटले, पण घसरण आधीच सुरू होती. श्रेय कायद्याला किती, यावर अजून वाद आहे. उलट बाजूने जॉन लॉट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने मांडलं, की लपवून बंदूक बाळगायची मुभा दिली की गुन्हे घटतात. अमेरिकेत सरकारला वैज्ञानिक सल्ला देणाऱ्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने २००४ मध्ये सांगितलं, की या आकड्यांवरून तसंही म्हणता येत नाही आणि उलटंही. तुला ऑस्ट्रेलियाची गोष्ट आवडते, मलाही आवडते. आवडते म्हणून तिला सूट द्यायची नाही.

या हट्टापायी मला चर्चांना बोलावणं बंद झालं. दोन्ही बाजू म्हणाल्या, या माणसाला कणा नाही. बंदुकीला परवान्याची अट हवी, हे माझं मत मी कधी लपवलं नाही. बरं, थोडं लपवलं असेल. मत ऐकलं की समोरचा आकडे ऐकत नाही, हा माझा अनुभव होता. तुला हा पळपुटेपणा वाटला तर तसं लिही, रागावणार नाही.

दोन्ही आलेख पुन्हा काढून पाठव. उभ्या अक्षावर तू नुसतं 'दर' लिहिलंयस, दोन्हीकडे. कशाचा?

तुझा,
सर