चाचणीचे पैसे भरण्याआधी

मुलाची अध्ययन-अक्षमतेची (वाचन, लेखन, गणित शिकताना येणाऱ्या अडचणींची) चाचणी खासगीत करणार असाल, तर आधी शाळेला विचारा: प्रमाणपत्र कुणाचं चालेल? परीक्षेतल्या सवलतीसाठी बोर्डाला मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, मुंबईत सायन, नायर वगैरे. नाहीतर खासगी अहवाल नुसता फाइलला लागतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

खासगी चाचणी करायचीच असेल, तर क्लिनिकला फोनवरच विचारून घ्या: कोणत्या चाचण्या, किती बैठका, लेखी अहवाल आणि तो समजावून सांगायची भेट फीमध्येच ना? अहवालाचे वेगळे पैसे नेमके शेवटी निघतात. चाचणी घेणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक अहवालावर हवाच.

विम्याचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. पण बऱ्याच पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. थेरपीसाठी ओपीडीचं, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचं कलम बघा. थेरपीच्या दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, थेरपिस्टशी सूर जुळतो का ते आधी कळू दे.