सर्जनचं नाव कोरं, बँडचं नाव कोरं: सही करावी का?

प्रश्न: मी ४४ वर्षांची, धायरीला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८० किलो, सहा वर्षांपासून मधुमेह. डेक्कनवरच्या एका हॉटेलात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मोफत मार्गदर्शन होतं. तिथं बोललेले सर्जन मला पटले. त्यांच्या सेंटरच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी ‘आजच बुक केलं तर सवलत’ म्हणून गॅस्ट्रिक बँडचं ३ लाख ४० हजारांचं पॅकेज सांगितलं आणि ७५ हजार भरून घेतले. आता कळतंय की ऑपरेशन दुसरेच कुणी डॉक्टर करणार. बँड कुठल्या कंपनीचा असं विचारलं तर ‘इम्पोर्टेड आहे, काळजी करू नका’. मेडिक्लेम बसावा म्हणून कागदावर वजन ८६ किलो लिहू म्हणतात. पावतीवर ‘रक्कम परत मिळणार नाही’ असा शिक्का आहे. यजमान म्हणतात, पैसे अडकलेत, आता मागं फिरू नकोस. संमतिपत्राचा फोटो सोबत पाठवते आहे. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या यजमानांना आधी सांगा की पैसे अडकलेले नाहीत. आणि समजा अडकले असते, तरी ७५ हजार वसूल करायला कुणी पोटात अनोळखी वस्तू बसवून घेत नाही.

बँड लावावा की स्लीव्ह (जठराचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया) करावी की काहीच करू नये, हा सल्ला वकिलानं द्यायचा नसतो. पण हा निर्णय घेण्याआधी तुम्हाला काय सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक होतं, ते मी सांगू शकतो. तुम्ही पाठवलेला फोटो पाहता त्यातलं जवळजवळ काहीच सांगितलेलं दिसत नाही.

तो फोटो मी मोठा करून वाचला. छापील मजकूर असा: ‘माझ्यावर डॉ. ______ अथवा त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.’ रिकाम्या जागी काही नाही. खाली ‘उपकरण: बँड (इम्पो.)’ एवढंच. त्याखाली बारीक टायपात ‘रुग्ण अथवा नातेवाईक भविष्यात कोणताही दावा करणार नाहीत’. आणि शेवटी तुमच्या सहीसाठी पेन्सिलीनं केलेली फुली.

आधी त्या बारीक टायपाचं बघू, कारण घाबरवायला तेच छापलेलं असतं. न्यायालयात जाण्याचा हक्क पूर्णपणे काढून घेणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २८ नुसार रद्दबातल असतो. ती ओळ असली काय, नसली काय, तुमचा दावा राहतोच. पण कोऱ्या जागेचं तसं नाही. ‘अथवा त्यांचे सहकारी’ यावर सही केलीत की उद्या कुणीही हात घातला तरी ‘तुम्हीच तर संमती दिली होती’ हे उत्तर तयार.

संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात नियम घालून दिले आहेत. तिथं रुग्ण बाईंनी तपासणीच्या लॅप्रोस्कोपीला (दुर्बिणीनं पोटात पाहण्याला) संमती दिली होती आणि त्या भुलीत असताना गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयानं म्हटलं, एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सगळं रुग्णाला समजेल असं सांगितलेलं हवं. आता तुम्हाला विचारतो: त्या हॉटेलात स्लीव्हबद्दल कुणी बोललं? जठराच्या बायपासबद्दल? मधुमेह आणि वजन दोन्हींवर चालणाऱ्या, आता भारतातही मिळणाऱ्या सेमाग्लुटाइड, टिरझेपॅटाइडच्या इंजेक्शनांबद्दल? तुम्हाला मधुमेह आहे, म्हणजे हा पर्याय तुमच्या बाबतीत हमखास चर्चेला यायला हवा होता. जगभर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बँड मागे पडला आणि स्लीव्ह पुढे गेली. तरीही एखादे सर्जन बँडच सुचवत असतील तर त्यांच्याकडे कारण असेलही, पण ते कारण तुम्हाला कळलं पाहिजे आणि केसपेपरवर उतरलं पाहिजे.

बँडच्या बाबतीत मी इतका खल का करतो, तेही सांगतो. स्लीव्हमध्ये जठराचा भाग कापून काढतात, मागे यंत्र राहत नाही. बँड म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला बसवलेलं सिलिकॉनचं कडं, त्याला जोडलेली नळी आणि पोटाच्या त्वचेखाली शिवलेला पोर्ट. पोर्टमध्ये खास सुईनं सलाइन भरून कडं आवळायचं किंवा काढून सैल करायचं. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी काम संपत नाही, तिथून सुरू होतं. कडं सरकतं, जठराच्या भिंतीत रुततं, पोर्ट उलटा होतो, नळी गळते, जंतुसंसर्ग होतो, आणि असे किती तरी बँड पुढं काढावे लागतात. हे पहिल्या महिन्यात होईल असं नाही, पाचव्या किंवा आठव्या वर्षीही होतं. तेव्हा तुमचे सर्जन पुण्यात असतील का? सुई घालायला कोण येईल?

कंपनीचंही तेच. लॅप-बँड हा यातला सगळ्यात ओळखीचा. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या औषध-उपकरण नियामकानं) त्याला २००१ साली मान्यता दिली, पुढं तो अॅलर्गनकडे आला, २०१३ मध्ये अपोलो एंडोसर्जरीकडे आणि २०१८ च्या अखेरीस रीशेप लाइफसायन्सेसकडे गेला. रिअलाइझ नावाच्या दुसऱ्या बँडची विक्री तर बनवणाऱ्यांनी बंदच केली. रुग्णांच्या पोटात बँड तोच राहिला, मालक मात्र बदलत गेले. म्हणून ‘इम्पोर्टेड’ हा शब्द मला पुरत नाही. कुठून, कुणी बनवलेला, इथं कुणी आणलेला?

याचं उत्तर खोक्यावर असतं. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे बाहेरून आलेल्या उपकरणाच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, लॉट क्रमांक, मुदत, आयात परवान्याचा क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता लागतो. शरीरात बसवायच्या वस्तूंच्या खोक्यात बहुधा सोलून चिकटवायची छोटी स्टिकरं येतात. एक ऑपरेशन नोट्सवर लागतं, एक बिलासोबत विमा कंपनीकडे जातं. एक तुमच्या फाइलला मागा. आणि खोक्याचा फोटो ऑपरेशनच्या आधी मागा, नंतर नको.

आयातदाराच्या नावावर माझा एवढा जोर आहे, कारण पुढं टोलवाटोलवी कशी होते हे ठाऊक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळं झालेल्या इजेची भरपाई मागता येते. पण जिथं डॉक्टरांचं कौशल्य हा व्यवहाराचा गाभा आहे आणि वस्तू केवळ ओघानं आली, तिथं सेवा देणारा ‘विक्रेता’ धरला जात नाही, अशी सूट व्याख्येतच आहे. हॉस्पिटल तिच्याआड लपतं. उत्पादक म्हणतो, ही वस्तू तज्ज्ञानंच वापरायची होती आणि सगळ्या सूचना आम्ही तज्ज्ञाला दिल्या होत्या; त्यालाही कलम ८७ मध्ये आधार आहे. परदेशी कंपनीला इथली नोटीस बजावता आली नाही तर मात्र कलम ८६ नुसार विक्रेत्याला गाठता येतं. विक्रेता कोण हे दाखवायला तुमच्याकडे कागद हवा. नाव नसेल तर बोट कुणाकडे दाखवणार?

मुदतीचंही लक्षात ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. दोष उशिरा उघड झाला तर मुदत उशिरा सुरू होते असा युक्तिवाद करता येतो, पण तो हमखास चालत नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात नर्स असलेल्या बाईंच्या पोटात १९९३ च्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये गॉझ (रक्त टिपायचा जाळीदार कापडाचा तुकडा) राहिला होता. तो सापडला २००२ मध्ये, तक्रार केली २००४ मध्ये. न्यायालयानं मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना त्या डॉक्टरांकडे परत गेल्याच नव्हत्या. तेव्हा बँड लावलात आणि त्रास झाला, तर ‘बघू, होईल कमी’ करत बसू नका. त्याच सर्जनना दाखवा आणि दाखवल्याचा कागद ठेवा.

आता सर्जन. शिबिरात बोलले एक आणि ऑपरेशन करणार दुसरे, हा प्रकार सर्रास चालतो आणि मला तो अजिबात मान्य नाही. तुम्ही ज्यांच्यावर विश्वास ठेवून पैसे भरलेत त्यांचंच नाव छापील पत्रकावर असेल, तर ते पत्रक आणि मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. जे करणार आहेत त्यांचं नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी घ्या, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. एम.एस. जनरल सर्जरी ही मूळ पदवी. त्यावर बेरिॲट्रिकचं, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांचं, प्रशिक्षण कुठं आणि किती काळ घेतलं, हे विचारा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही फ्रेम करून लावता येतं. शिवाय विचारा की बँड किती लावले आणि किती काढले. दुसऱ्या आकड्यावर जे अडखळतात किंवा ‘एकही नाही’ म्हणतात, त्यांच्याकडे मी माझ्या घरच्यांना पाठवणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद हॉस्पिटलात लावलेली असायला हवी, त्यात तो लिहिलेला सापडेल. लावलीच नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते.

८६ किलोच्या गोष्टीवर मात्र मी जरा कडक बोलणार आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, सुमारे ३३ येतो. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या शब्दांप्रमाणे पॉलिसीत लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला संरक्षण मिळायला बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार. ८६ किलो लिहिलं की बीएमआय ३५.८ होतो आणि मधुमेह जोडीला आहेच. गणित कुणी तरी नीट बसवलंय! सर्जनांचे अलीकडचे निकष आशियाई लोकांसाठी खूप खाली उतरलेत, त्यामुळं ३३ ला आणि मधुमेह असताना शस्त्रक्रिया सुचवणं वैद्यकीयदृष्ट्या चूक असेलच असं नाही. पण डॉक्टरांची मोजपट्टी वेगळी आणि विम्याची वेगळी. खोट्या वजनावर क्लेम घेतलात तर तो फसवणुकीचा गुन्हा होतो, आणि फॉर्मवर सही तुमची असते, मॅडमची नव्हे. क्लेम नाकारला जाईल, पॉलिसीही जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे उद्या ऑपरेशन बिघडलं आणि तुम्ही आयोगात गेलात, तर समोरचा वकील पहिला प्रश्न वजनाचाच विचारेल. मी त्या बाजूनं असतो तर मीही विचारला असता. खऱ्या वजनावर अर्ज करा. नाकारला आणि नकार चुकीचा वाटला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग नारायण पेठेतलं विमा लोकपालांचं कार्यालय. तिथं फी नाही, वकील लागत नाही.

राहिले ७५ हजार. चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती करार कायद्याच्या कलम १९ नुसार तुम्हाला रद्द करता येते. सर्जन एक दाखवून दुसरा देणं हे त्यात बसतं असं माझं मत आहे. शिवाय महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही ग्राहक कायद्यात सेवेतली त्रुटी आहे. तपासण्या झाल्या असतील तर त्यांचा खर्च ते कापतील, तो बिलं पाहून मान्य करा. सगळी रक्कम गिळायला शिक्का पुरेसा नाही. आधी पत्र पाठवा, स्पीड पोस्टनं आणि ईमेलनंही, साधं:

‘मी अमुक तारखेला रु. ७५,००० भरले. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं नाव व नोंदणी क्रमांक, उपकरणाचा उत्पादक, आयातदार व आयात परवाना क्रमांक, आणि पुढील पाच वर्षांत बँड भरणे, सैल करणे वा काढणे यांचा खर्च कोण करणार, हे सात दिवसांत लेखी कळवावे. माझे वजन ८० किलो असून त्याहून वेगळे वजन कोणत्याही कागदावर लिहिण्यास माझी संमती नाही. उत्तर न आल्यास माझे बुकिंग रद्द समजून रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. माझ्या तपासण्यांच्या व केसपेपरच्या प्रती द्याव्यात.’

केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचाच नियम आहे, त्यामुळं ‘सिस्टीम बंद आहे’ ऐकून परत येऊ नका. उत्तर नीट आलं, सर्जनना भेटून समाधान झालं, तर पुढं जायला माझी हरकत नाही. फक्त संमतिपत्रातली कोरी जागा त्यांच्या हातानं भरून घ्या, ‘अथवा त्यांचे सहकारी’ खोडा आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्या. टाळाटाळ झाली तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य, तक्रार ऑनलाइनही करता येते. पावती, पत्रक, मेसेजचे स्क्रीनशॉट, पत्राची पोच आणि तो पेन्सिलीच्या फुलीचा फोटो सोबत जोडा.